स्प्रिंग बूटमध्ये जेसनची नावं बदलायला गेले आणि लॉम्बॉकच्या गेटरपाशी अडकले: माझा अनुभव

हे लिहून ठेवतेय कारण राग अजून पुरता गेलेला नाही, आणि मी शोधत होते तेव्हा मराठीत कुणी हे नीट मांडलेलं मला सापडलं नाही. काम ऐकायला किरकोळ. आमचं जावातलं ॲप्लिकेशन स्प्रिंग बूट २.७ या फ्रेमवर्कवर आहे, त्यातून एका पार्टनर कंपनीच्या सिस्टीमला डीलर आणि प्रॉडक्टचा डेटा जेसनमध्ये, म्हणजे नाव आणि त्याची व्हॅल्यू अशा जोड्यांच्या मजकुरात, पाठवायचा होता. आमच्या क्लासमधली नावं जावाच्या रिवाजाप्रमाणे कॅमलकेसमध्ये, म्हणजे पुढचा शब्द कॅपिटलने सुरू होणार. त्यांना हवं स्नेककेस, म्हणजे सगळी अक्षरं लहान आणि दोन शब्दांत अंडरस्कोअर. डेटा तोच, फक्त नावं बदलायची. एस्टिमेट मागितलं तेव्हा टीममध्ये कुणालाच हे अर्ध्या दिवसापेक्षा जास्त वाटलं नाही.

सुरुवातीचं सगळं पटापट झालं. बूटमध्ये जेसन बनवायचं आणि वाचायचं काम जॅक्सन ही लायब्ररी करते. ॲप्लिकेशन डॉट प्रॉपर्टीज या सेटिंगच्या फाईलमध्ये स्प्रिंग डॉट जॅक्सन डॉट प्रॉपर्टी-नेमिंग-स्ट्रॅटेजी म्हणून एक सेटिंग आहे, तिथे स्नेक_केस लिहिलं की सगळ्या कंट्रोलरचे रिस्पॉन्स त्या नावांनी यायला लागतात. पण 'सगळ्या' म्हणजे खरंच सगळ्या, आमचं स्वतःचं अँग्युलरचं फ्रंटएंड कॅमलकेस धरून बसलेलं, त्याची टेबलं रिकामी दिसायला लागली. म्हणून ती ओळ काढली आणि पार्टनरसाठीचे जे क्लास होते फक्त त्यांच्यावर @जेसननेमिंग हे ॲनोटेशन (कोडवर लावायची खूण) लावून स्नेककेसस्ट्रॅटेजी दिली. ही स्ट्रॅटेजी जॅक्सन २.१२ पासून प्रॉपर्टीनेमिंगस्ट्रॅटेजीज, शेवटी अनेकवचन, या क्लासमध्ये आहे. जुन्या लेखांमध्ये एकवचनी नाव दिसतं ते आता डेप्रिकेटेड आहे, ते उचलू नका. डीलरनेमचं डीलर_नेम झालं, सिटीकोडचं सिटी_कोड झालं, इथपर्यंत छान.

मग यूएटीला, म्हणजे पार्टनरच्या चाचणीच्या सिस्टीमला, पहिली रिक्वेस्ट पाठवली आणि ४०० आलं, म्हणजे रिक्वेस्ट चुकीची असल्याचा एरर. बॉडीमध्ये दोनच शब्द, इनव्हॅलिड रिक्वेस्ट. कुठलं फील्ड, काय कमी, काय जास्त, काहीही नाही. त्यांच्या सपोर्टला मेल केला तर उत्तर आलं की आमच्या बाजूने सगळं व्यवस्थित आहे, तुमच्या एंडला चेक करा. परत विचारलं की निदान व्हॅलिडेशनचा लॉग तरी द्या, तर तेच वाक्य परत, खाली सही फक्त वेगळ्या माणसाची. मला याचा खरंच राग आहे. तुमच्याकडे स्कीमा आहे, तुमचा व्हॅलिडेटर नेमका कुठल्या नावावर अडला हे त्याला माहीत असतं, ते एक नाव रिस्पॉन्समध्ये टाकलं तर समोरच्याचे किती दिवस वाचतात. जे कुणी दुसऱ्यांसाठी एपीआय बनवतात त्यांना हात जोडून विनंती, एररमध्ये फील्डचं नाव द्या.

आमच्याकडे आउटगोइंग बॉडी लॉग होत नव्हती, कारण त्यात डीलरचा पॅन आणि मोबाईल नंबर असतो आणि ते लॉगमध्ये पडता कामा नये असा नियम आहे, आणि तो बरोबरच आहे. म्हणून खोटा डेटा भरून लोकलला ऑब्जेक्ट बनवला आणि त्याचं जेसन प्रिंट करून त्यांनी दिलेल्या फील्डच्या नावांच्या एक्सेल शीटशेजारी ठेवलं. शीटमध्ये पी_कोड हे फील्ड कंपल्सरी. आमच्या जेसनमध्ये पीकोड, अंडरस्कोअरच नाही. शीटमध्ये इज_ॲक्टिव्ह, आमच्याकडे नुसतं ॲक्टिव्ह. बाकी सगळी नावं बरोबर. आणि डोकं फिरवणारी गोष्ट ही की दुसऱ्या एका क्लासमध्ये अगदी त्याच नावाचं फील्ड होतं आणि तिथे इज_ॲक्टिव्ह व्यवस्थित येत होतं. फील्डचं नाव तेच, ॲनोटेशन तेच, आउटपुट वेगळं.

अशा वेळी कुणालाही जे सुचेल तेच आम्हाला सुचलं, फील्डच्या डोक्यावर @जेसनप्रॉपर्टी लावून कंसात हवं ते नाव द्यायचं. दिलं. जेसन प्रिंट केलं, त्यात पी_कोड सर्च केलं, सापडलं. इज_ॲक्टिव्ह सर्च केलं, तेही सापडलं. परत यूएटीला पाठवलं, परत ४००. इथे खरे दिवस गेले. हेडर बघितले, टोकन बघितलं, तारखांचा फॉरमॅट बघितला, नल (रिकाम्या) व्हॅल्यू पाठवायच्या की गाळायच्या यावर वाद झाले, आणि तिकडून मेलला उत्तर तेच ठरलेलं. शेवटी आमच्या टेस्टरने जेसनमधली सगळी नावं एकाखाली एक काढून मोजली आणि ती क्लासमधल्या फील्डपेक्षा दोन जास्त भरली. तेव्हा नीट बघितलं तर असं होतं:

"पी_कोड": "ए१७"
"पीकोड": "ए१७"
"इज_ॲक्टिव्ह": ट्रू
"ॲक्टिव्ह": ट्रू

म्हणजे जुनं नाव गेलंच नव्हतं, नवं नाव त्याच्या जोडीला येऊन बसलं होतं. आणि समोरची सिस्टीम शीटमध्ये नसलेलं एकही जादा फील्ड चालवून घेत नव्हती, हे शीटमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं.

आता हे का होतं ते सांगते, कारण कारण कळलं की पुढच्या वेळी बघताक्षणी ओळखू येतं. आमचे क्लास लॉम्बॉकवर होते, @गेटर आणि @बिल्डर, म्हणजे फील्डची व्हॅल्यू देणारी मेथड (गेटर) आणि ऑब्जेक्ट बनवणारा बिल्डर ही लायब्ररीच लिहून देते. फील्ड प्रायव्हेट. जॅक्सन प्रायव्हेट फील्डकडे आपणहून बघत नाही, तो पब्लिक गेटर बघतो आणि गेटरच्या नावावरून प्रॉपर्टीचं नाव ठरवतो. आमचं फील्ड होतं पीकोड, पी लहान आणि सी कॅपिटल. लॉम्बॉक त्याचा गेटर बनवतो गेटपीकोड, आणि तिथे तो पी पण कॅपिटल करतो. जॅक्सन गेट काढून टाकतो आणि उरलेल्या नावाच्या सुरुवातीला सलग जेवढी कॅपिटल अक्षरं असतील तेवढी सगळी लहान करतो. त्यामुळे पी आणि सी दोन्ही लहान होतात आणि नाव होतं सगळं लहान पीकोड. त्यात आता कॅपिटलच राहिलेलं नाही, मग स्नेककेस अंडरस्कोअर घालणार तरी कुठे.

आणि फील्डवर @जेसनप्रॉपर्टी लावल्यावर काय होतं? जॅक्सन आता ते फील्डही हिशोबात धरतो. पण फील्डचं मूळ नाव सी कॅपिटलवालं आणि गेटरवरून काढलेलं नाव सगळं लहान, म्हणजे त्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या प्रॉपर्टी. फील्डला आपण दिलेलं नाव मिळतं, गेटर आपल्या जुन्या नावाने बाहेर पडतो, आणि दोन्ही जातात. ही दोन मूळ नावं जुळतात तेव्हाच फील्डवरचं ॲनोटेशन गेटरलाही लागू होतं, सगळा खेळ एवढाच आहे.

इजॲक्टिव्हचंही तसंच. लहान बीचं प्रिमिटिव्ह बूलियन (फक्त ट्रू किंवा फॉल्स, नल चालत नाही) असेल तर लॉम्बॉक गेटर बनवतो इजॲक्टिव्ह, जॅक्सन इज काढतो, उरतं ॲक्टिव्ह. पण मोठ्या बीचं रॅपर बूलियन असेल तर लॉम्बॉक गेटर बनवतो गेटइजॲक्टिव्ह, जॅक्सन फक्त गेट काढतो, उरतं इजॲक्टिव्ह, आणि त्याचं इज_ॲक्टिव्ह बरोबर होतं. त्या दुसऱ्या क्लासमध्ये कधीतरी नल ठेवायची गरज पडली म्हणून रॅपर वापरलं होतं, म्हणून तिथे चालत होतं. म्हणजे कुणी उद्या टाइप बदलला, फक्त एक अक्षर मोठ्याचं लहान केलं, तरी बाहेर जाणारं नाव बदलतं. कंपाइलर चकार शब्द काढत नाही. मला हे धोकादायक वाटतं आणि म्हणूनच इतकं खोलात लिहितेय.

मधल्या काळात एक सल्ला मिळाला की जॅक्सनमध्ये यूज_एसटीडी_बीन_नेमिंग नावाचं मॅपर फीचर (मॅपर म्हणजे ऑब्जेक्टचं जेसन बनवणारा जॅक्सनचा भाग) आहे, ते चालू करा. करून बघितलं. त्याने सुरुवातीची दोन अक्षरं कॅपिटल असतील तर तशीच राहतात, पण आपलं फील्ड पी लहानवालं, म्हणजे तरी जुळत नाही. शिवाय स्नेककेसवाला लागोपाठच्या दोन कॅपिटलमध्ये अंडरस्कोअर घालत नाही, त्यामुळे फिरून सगळं लहान पीकोडच. याच कारणाने कस्टमरपॅननंबर असं फील्ड असेल आणि पॅन पूर्ण कॅपिटलमध्ये लिहिलं असेल तर ते कस्टमर_पॅननंबर होतं, पॅन आणि नंबर चिकटूनच. तिथे पॅनचा फक्त पी कॅपिटल ठेवा.

उपाय काय केला तर फील्डचीच नावं बदलली. पीकोडचं प्रॉडक्टकोड केलं आणि त्यावर @जेसनप्रॉपर्टी पी_कोड. इजॲक्टिव्हचं नुसतं ॲक्टिव्ह केलं आणि त्यावर @जेसनप्रॉपर्टी इज_ॲक्टिव्ह. आता फील्ड आणि गेटर दोघांवरून मूळ नाव एकच निघतं, त्यामुळे जेसनमध्येही एकदाच येतं. बिल्डरच्या मेथडची नावं बदलतात पण ते आयडीई रिफॅक्टरमध्ये करून देतो. फील्डला हात लावणं शक्यच नसेल तर तेवढा एक गेटर हाताने लिहा आणि ॲनोटेशन त्या गेटरवर लावा, लॉम्बॉक मग तो गेटर बनवत नाही. नव्या क्लासमध्ये मी आता दोन नियम पाळते: एका अक्षराने सुरू होऊन लगेच कॅपिटल येईल असं नाव ठेवायचं नाही, आणि बूलियनच्या फील्डला इज लावायचं नाही. पुढची रिक्वेस्ट गेली आणि २०० आलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून पॅन्ट्रीत जाऊन चहा घेतला, इतकं हलकं वाटलं.

वरती एक सांगायचं राहिलं, ते प्रिंट करताना मॅपर कुठला वापरता हे बघा. टेस्टमध्ये न्यू ऑब्जेक्टमॅपर लिहून जे जेसन मिळतं ते आणि चालत्या ॲप्लिकेशनचं जेसन एकच असेल याची खात्री नाही, कारण प्रॉपर्टीजमधल्या सेटिंग बूटने बनवलेल्या मॅपरला लागतात, तुम्ही बनवलेल्या नाही. @जेसनटेस्ट लावून मॅपर @ऑटोवायर्ड करून घ्या. आणि अमुक नाव आहे का एवढंच तपासू नका, नावांची पूर्ण यादी तपासा, नाहीतर जादा आलेलं नाव कधीच पकडलं जाणार नाही. आमच्याकडे आता पार्टनरच्या प्रत्येक क्लासला अशी एक टेस्ट आहे आणि ती मी लिहून घेतली याचा मला अभिमान आहे.

तसंच कॉन्फिगमध्ये कुणी ऑब्जेक्टमॅपरचा स्वतःचा बीन (स्प्रिंग सांभाळतो तो ऑब्जेक्ट) टाकला असेल तर बूट आपला मॅपर बनवतच नाही, मग प्रॉपर्टीजमध्ये काहीही लिहा, परिणाम शून्य. थोडा बदलच हवा असेल तर जॅक्सन२ऑब्जेक्टमॅपरबिल्डरकस्टमायझरचा बीन द्या. रिक्वेस्ट पाठवणारा रेस्टटेम्पलेट जर न्यू करून बनवला असेल तर त्यालाही त्या सेटिंग लागत नाहीत, तो रेस्टटेम्पलेटबिल्डरकडून घ्यावा लागतो. क्लासवरच्या ॲनोटेशनला ही अडचण नाही, मॅपर कुठलाही असो, ती वाचली जातात. आम्ही क्लासवर गेलो त्याचा हा एक फायदा नंतर कळला. मात्र @जेसननेमिंग आतल्या ऑब्जेक्टपर्यंत झिरपत नाही, डीलरच्या आत ॲड्रेस असेल तर ॲड्रेसच्या क्लासवर वेगळं लावा. आणि इम्पोर्ट बघा, जीसन या दुसऱ्या जेसन लायब्ररीचं @सिरियलाइज्डनेम चुकून आलं तर जॅक्सन त्याला ओळखतच नाही आणि एररही देत नाही.

उलट दिशेला, म्हणजे त्यांचा रिस्पॉन्स वाचताना, बूट अनोळखी नावांवर एरर देत नाही, ते फीचर तो मुद्दाम बंद ठेवतो. त्यामुळे नाव जुळलं नाही तर आरडाओरडा न होता फील्डमध्ये फक्त नल येतं. त्यांच्या रिस्पॉन्समध्ये एक नाव कधी स्नेककेसमध्ये तर कधी कॅमलकेसमध्ये यायचं, तिथे @जेसनएलियास लावून दोन्ही नावं दिली. हे फक्त वाचताना लागू होतं, लिहिताना नाही.

आकड्यांचंही बघून घ्या. ॲड्रेसलाइन१ चं जॅक्सन ॲड्रेस_लाइन१ करतो, आकड्याच्या आधी अंडरस्कोअर घालत नाही, कारण तो फक्त कॅपिटल अक्षर शोधतो. पार्टनरच्या शीटमध्ये ॲड्रेस_लाइन_१ होतं. तिथे फील्डवर सरळ @जेसनप्रॉपर्टी लावलं, फील्ड आणि गेटरचं मूळ नाव जुळत असल्यामुळे एकच नाव बाहेर आलं, आणि टेस्टच्या यादीत तेही टाकून दिलं.