गोळ्यांची आडनावं

आमच्या घरात औषधांना नावं नव्हती, रंग होते. "ती गुलाबी दे गं" म्हटलं की काय हवंय ते कळायचं. डॉक्टरांनी "सध्या काय काय चालू आहे?" असं विचारलं की आईचं उत्तर ठरलेलं: "एक बीपीची, एक पित्ताची, आणि एक ती छोटी पांढरी." आता पांढऱ्या गोळ्या काय कमी असतात? डॉक्टर बिचारे म्हणायचे, पुढच्या वेळी पट्टी घेऊन या.

पण पट्टी नेली तरी भागत नाही. मेडिकलवाला दहातल्या चार गोळ्या कात्रीने कापून देतो, तेव्हा नाव आणि एक्सपायरी नेमकी उरलेल्या सहांबरोबर त्याच्या खणात जाते. आपल्या हाती चंदेरी तुकडा, त्यावर काहीतरी अर्धवट आणि '500 मि.'.

आईला नावं शिकावी लागली ती जनऔषधीच्या दुकानामुळे. 2008 साली सुरू झालेली ही सरकारी योजना; गोळी बरीच स्वस्त, पण तिथे ब्रँडचं नाव चालत नाही, आतल्या औषधाचं मूळ नाव सांगावं लागतं. मराठी माध्यमात शिकलेली आई मग वहीत देवनागरीत लिहून पाठ करायला लागली: टेल-मी-सार-टन. "टेल मी म्हणजे मला सांग, एवढं येतं मला," असं म्हणत पहिलं नाव तिने सहज खिशात घातलं.

थोड्याच दिवसांत तिला एक गंमत सापडली. नावाचा पुढचा भाग कितीही वेडावाकडा असो, शेवट बघायचा. ते त्या गोळीचं आडनाव. टेल्मीसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन हे सगळे सार्टन, घराणं रक्तदाबाचं. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल हे लॉल. तेही बीपीचेच, पण नाडीचा वेगही कमी करणारे. अटोर्वास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन कोलेस्टेरॉलचे. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल पित्तावरचे. मात्र आडनाव पूर्ण वाचायचं. नुसतं 'झोल' ऐकून ओळख दाखवायला गेलात तर खरोखरच झोल होतो, कारण फ्लुकोनाझोल बुरशीवर चालतं आणि अल्बेंडाझोल जंतांवर.

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी वाटलं ते पॅरासिटामॉल. हे महाशय वेगवेगळ्या वेषांत घरभर वावरत असतात. क्रोसिनमध्ये तेच, कॅल्पोलमध्ये तेच, डोलोमध्ये तेच. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेनच्या जोडीला तेच, आणि सर्दीच्या कित्येक गोळ्यांतही तेच. त्यामुळे तापाची एक, सर्दीची एक आणि अंगदुखीची एक असं माणूस भाबडेपणाने घेतो आणि एकच औषध तिप्पट पोटात जातं. धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसाला 4 ग्रॅमची मर्यादा असते. त्यापुढे यकृताला धोका. ब्रँडची नावं पाठ असून हे कळत नाही. अमेरिकेत मुलाकडे गेलेल्यांची तर वेगळीच पंचाईत. तिथे पॅरासिटामॉल म्हणून विचारलं तर दुकानदार बुचकळ्यात पडतो, कारण तिकडे त्यालाच असिटामिनोफेन म्हणतात. मूळ रासायनिक नाव एकच लांबलचक, दोन्हीकडच्या लोकांनी त्यातले आपापल्या पसंतीचे तुकडे उचलले.

चिठ्ठीवरची अक्षरं हा आणखी एक प्रकार. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना. ही इंग्रजीसुद्धा नाहीत, लॅटिन आहेत. म्हणजे आपण इंग्रजी येत नाही म्हणून ओशाळायचं आणि कागदावर भलतीच भाषा! 'एसओएस' वाचून आईला बुडतं जहाज आठवलं होतं. इथे त्याचा अर्थ एवढाच, की गरज पडली तर घ्या. त्यापेक्षा 1-0-1, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, असं लिहिणारे डॉक्टर मला जास्त आवडतात.

आकड्यांमागची अक्षरं मात्र आई मला दोनदा वाचायला लावते. थायरॉइडची गोळी 50 मायक्रोग्रॅमची असते, मिलिग्रॅमची नव्हे, फरक हजारपटीचा. आणि नावापुढे एसआर असेल तर ती गोळी चावायची किंवा कुटायची नाही, कारण ती पोटात हळूहळू विरघळावी अशीच बनवलेली असते.

हल्ली शेजारच्या काकू संध्याकाळी पट्ट्यांची पिशवी घेऊन आमच्याकडे येतात. आई चष्मा लावून शेवटाकडून वाचायला सुरुवात करते. परवा दोन वेगळ्या ब्रँडच्या पट्ट्यांवर एकच सार्टन निघालं. "दोन्ही घेताय?" आईने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता काकूंच्या डॉक्टरांना फोन लावला.