'आपला नाशिक जिल्हा' पाटी, नोंद तिसरी: विचारलेला प्रश्न पुसायचा कसा

पॉवरपॉइंटमध्ये वर्गासाठी प्रश्नमंजुषेची पाटी केली आहे: मुलं गुणांचा आकडा मागतात, त्यावर क्लिक केलं की प्रश्न उघडतो. पाटीवर ५ रकाने (तालुके, किल्ले, नद्या-धरणं, शेती, देवस्थानं), प्रत्येकात ५ प्रश्न, १० ते ५० गुणांचे. पाटीची १ आणि प्रश्नांच्या २५, मिळून २६ स्लाइड. उत्तराला वेगळी स्लाइड नाही. प्रश्नाखालीच उत्तराची चौकट, तिला ट्रिगर (क्लिक केल्यावरच ती दिसेल अशी सोय). वेगळ्या केल्या असत्या तर ५१ स्लाइड आणि लिंकांचा दुप्पट गुंता.

अडत होतं ते एवढ्यावरच: विचारून झालेल्या प्रश्नाचा आकडा पाटीवर तसाच राहतो आणि मुलं तोच पुन्हा मागतात. त्यासाठी मॅक्रो (फाइलमध्ये लिहिलेला छोटा प्रोग्राम) लागत नाही. लिंक चौकोनाला न देता आतल्या मजकुराला द्या: फक्त '३०' निवडून कंट्रोल-के, मग 'प्लेस इन धिस डॉक्युमेंट'. त्यानंतर डिझाइन, व्हेरिअंट्स, कलर्स, कस्टमाइज कलर्स या वाटेने 'फॉलोड हायपरलिंक'चा रंग चौकोनाचाच करा. प्रश्न उघडून परत आलं की आकडा खालच्या रेघेसकट गायब. रंग नजरेने जुळवू नका, चौकोनाच्या रंगाचे आरजीबी आकडे उतरवून घ्या. जरा फरक राहिला तरी प्रोजेक्टरवर पुसट '३०' दिसतोच. थीममध्ये हा रंग एकच असतो, म्हणून पाचही रकाने एका रंगाचे ठेवावे लागतात. रंगीबेरंगी पाटीचा मोह सोडा.

याची किंमत म्हणजे क्लिक फक्त अक्षरांवर लागतं. फाँट ६० च्या खाली नेलात तर मुलांची बोटं चुकतात, आणि चुकलेलं क्लिक थेट पुढच्या स्लाइडवर नेतं. म्हणून सगळ्या स्लाइड निवडून ट्रान्झिशन्समधली 'ऑन माउस क्लिक'ची खूण काढा. तरी स्पेसबार उरतोच. तो 'सेट अप स्लाइड शो'मधल्या किऑस्क पर्यायाने बंद होतो. दुसऱ्या तुकडीआधी फाइल बंद करून पुन्हा उघडा, आकडे परत येतात.

प्रश्नावरून पाटीवर परतायला पॉवरपॉइंटमधलं घराचं तयार बटण पहिल्या स्लाइडवर नेतं. पाटीच्या आधी शीर्षकाची स्लाइड घातलीत की ते तिकडेच जाणार. मग त्याची लिंक पाटीकडे वळवावी लागते. बटण स्लाइड मास्टरवर (सगळ्या स्लाइडच्या सामाईक साच्यावर) ठेवलं की ही दुरुस्ती एकदाच.

फाँट युनिकोडच हवा, निर्मला यूआय चालतो. जुन्या फाँटमधला 'साल्हेर' दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांची खिचडी होतो.

साल्हेरचा प्रश्न ('सगळ्यात उंच किल्ला कोणता?'; बागलाण तालुका, १५६७ मीटर) ५० गुणांना ठेवलाय. त्यात 'किल्ला' हा शब्द ठळक करा, नाहीतर अर्धा वर्ग 'कळसूबाई' ओरडतो.