तुम्ही विचारलंत म्हणून: रोजच्या गोळीने किडनी जात नाही का?

एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांच्या, रांगेत शेजारी बसलेली नवी बाई पाच मिनिटांत विचारतेच, "ताई, इतकी वर्षं गोळी घेताय, किडनीला काही झालं नाही?" घरी जाऊबाईही तेच विचारतात. एकदा नीट सांगते.

माझी रोज एकच गोळी, टीएलडी. तिच्यात टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५०. किडनीची भीती टेनोफोविरमुळे आहे आणि ती खोटी नाही. काहींना खरंच त्रास होतो, हाडंही थोडी विरळ होतात. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, तपासतात ते त्यासाठीच.

पण लोकांच्या मनातली निम्मी भीती जुन्या औषधांची आहे. २०१४ साली ठाण्यात पहिल्यांदा रांगेत बसले, तेव्हा स्टॅव्ह्युडिन घेतलेली माणसं दिसायची. गाल आत गेलेले, तळपायांना सतत मुंग्या. ते औषध कधीच बंद झालं. माझ्या तेव्हाच्या गोळीत एफाविरेंझ होतं. रात्री घेतली की जमीन हलायची, आणि स्वप्नं इतकी खरी की सकाळी मुलाला विचारायचे, रात्री रडलास का रे?

माझं क्रिएटिनिन एकदाच वाढलं. गुडघे दुखत होते म्हणून कळव्यात मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणली, तीन आठवडे घेतली, वर कॅल्शियम. एआरटी चालू आहे हे दुकानात सांगायला जीभ रेटली नाही. रिपोर्टवर ०.८ चं १.३ झालं. डॉक्टरांनी पर्समधल्या सगळ्या गोळ्या टेबलावर काढायला लावल्या. ही पेनकिलर टेनोफोविरसोबत किडनीला जड जाते. कॅल्शियम उपाशीपोटी बरोबर घेतलं तर डोल्युटेग्राविर अंगी लागत नाही. टीएलडी त्याच्या दोन तास आधी नाहीतर सहा तासांनी घ्यायची, किंवा दोन्ही जेवणासोबत. पेनकिलर सोडली तसा आकडा उतरला, पण ०.९५ वर थांबला. मी घाबरले. तेव्हा कळलं की डोल्युटेग्राविरमुळे क्रिएटिनिन लघवीवाटे जरा कमी जातं, किडनी धड असली तरी आकडा थोडा वर दिसतो.

मला खरी धास्ती वाटते ती मनाने गोळी सोडणाऱ्यांची. ओळखीतल्या एकीने किडनी वाचवायला म्हणून ती बंद केली. तिला हिपॅटायटिस बी पण होता. टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन तोही दाबून ठेवतात. औषध सुटलं आणि लिव्हर सुजलं, डोळे हळदीसारखे पिवळे. माझा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण, कित्येक वर्षं सापडतच नाही, त्यामुळे संबंधांतून नवऱ्याला लागण होत नाही. हे सगळं त्या एका गोळीवर उभं आहे.

परवा रांगेतली एक मुलगी बाटलीवरचं लेबल नखाने खरवडत होती. उरलेल्या डिंकाला धूळ चिकटलेली. मी म्हटलं, लेबल काढ हवं तर, पण आतली सिलिकाची पुडी फेकू नकोस, गोळ्या दमट होतात. आणि पुढच्या वेळी क्रिएटिनिनचा आकडा विचारून बुकात लिहून घे.