अमावास्येच्या रात्री माणदेशात, एका नवताऱ्यासाठी

अमावास्येला घराबाहेर निघू नये, हे ऐकत मोठे झालेल्या घरात दुर्बीण आली की दर महिन्याला एक तरी वाद ठरलेला. २० मार्च २०१५ला शुक्रवार होता आणि फाल्गुनातली अमावास्या. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. "सणाच्या आदल्या रात्री कुठं चाललास?" या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर होतं, पण ते घरात सांगण्यासारखं नव्हतं: धनू राशीत एका ताऱ्याचा स्फोट झालाय आणि मला त्याचा उजेड फोडून बघायचाय.

१५ मार्चला ऑस्ट्रेलियातल्या जॉन सीच यांना हा नवतारा सापडला, तेव्हा तो सहाव्या प्रतीचा होता (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी). पुढं तो रोज थोडा थोडा उजळतच गेला. श्वेत बटू, म्हणजे विझलेल्या ताऱ्याचा उरलेला लहान, घट्ट गाभा, शेजारच्या ताऱ्याकडून हायड्रोजन ओढून घेतो, तो पृष्ठभागावर साठत जातो आणि एके दिवशी त्या थरात अणुभट्टी पेटते. तारा नष्ट होत नाही, फक्त वरचा थर सेकंदाला शेकडो-हजारो किलोमीटर वेगानं बाहेर फेकला जातो. मला हवा होता तो या फेकलेल्या वायूचा वर्णपट, म्हणजे त्याच्या प्रकाशाचा रंगांत फोडलेला पट्टा.

आता खरी गंमत. ही रात्र म्हणायला रात्र, प्रत्यक्षात कामाचा वेळ दीड तास. मार्चमध्ये धनू रास पहाटे उगवते. कागदावर हिशेब मांडला तर नवतारा दोनच्या सुमारास आग्नेय क्षितिजावर येणार, वीस अंश उंचीवर यायला पावणेचार वाजणार आणि सव्वापाचनंतर पूर्व फटफटायला लागणार. तोवर तो जेमतेम पस्तीस अंशांवर. वीस अंशांच्या खाली मला रस नव्हता. तिथं त्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या मानानं जवळपास तिप्पट हवेतून येतो, निळा भाग आधी खाल्ला जातो आणि ताऱ्याची प्रतिमा इतकी थरथरते की वर्णपटातल्या रेषा एकमेकींत मिसळतात.

म्हणून जागा निवडताना मी फक्त "अंधार किती?" हा प्रश्न विचारला नाही. "आग्नेयेला काय आहे?" हे आधी पाहिलं. वेल्ह्याकडचं आकाश डोक्यावर सुंदर असतं, पण आग्नेयेला शिरवळच्या कारखान्यांचा उजेड. नकाशावर बोट फिरवत फिरवत दहिवडीच्या पुढं आलो. तिथून आग्नेयेला आटपाडी, मग जत. मोठं शहर नाही, पाणी नाही, म्हणून हवेत ओलही कमी. मित्राच्या मामांचा मळा नेमका त्या बाजूला. मामांना फोन केला तर म्हणाले, "या की. पुरणपोळी खाऊनच जायचं मातर."

वेधशाळेतल्या मोठ्या दुर्बिणींचं वेळापत्रक कितीतरी आधी ठरलेलं असतं आणि आमच्यासारख्यांना तिथं कोण विचारतो! आमच्याकडं आठ इंची दुर्बीण, कृष्णधवल कॅमेरा आणि त्याच्या पुढं फिल्टरसारखं बसणारं, मिलिमीटरला शंभर रेघांचं ग्रेटिंग, म्हणजे प्रकाश रंगांत फोडणारी रेघांची काच. ग्रेटिंग आणि सेन्सर यांत साठेक मिलिमीटर अंतर ठेवलं की एका पिक्सेलवर तरंगलांबीचे साधारण दहा अँगस्ट्रॉम (तरंगलांबी मोजायचं एकक) पडतात. या साधनानं वायूचा वेग मोजता येत नाही, त्याला फट असलेला वर्णपटमापक लागतो. पण हायड्रोजनची लाल रेषा दिसते का, निळीकडचा भाग कसा आहे, एवढं नक्की कळतं. हौशी माणसानं आपल्या साधनाची पायरी ओळखून प्रश्न विचारावा असं माझं मत आहे. नाहीतर लोक शंभर रेघांच्या काचेवरून वेगाचे आकडे काढतात आणि वर छातीठोकपणे सांगतात!

फट नसल्यानं आणखी एक दुखणं. नवतारा धनूतल्या ताऱ्यांची जी किटलीसारखी आकृती दिसते तिच्या पोटात, पूर्वाषाढा आणि उत्तराषाढा यांच्या मध्ये, म्हणजे आकाशगंगेच्या ऐन गर्दीत. शेजारच्या एखाद्या ताऱ्याचा ठिपका आपल्या वर्णपटावर पडला की ती रेषा नवताऱ्याची की शेजाऱ्याची, हे कोण सांगणार? म्हणून घरीच संगणकावर त्या भागाचा नकाशा उघडून ग्रेटिंग कोणत्या कोनात फिरवलं तर पट्टा मोकळ्या जागेतून जातो, ते ठरवून ठेवलं. अर्धी रात्र ही अशी घरातच होते.

हे करतानाच एक योगायोग नजरेस पडला. नवताऱ्याचा विषुवांश, म्हणजे आकाशातला रेखांश, १८ तास ३७ मिनिटं. अभिजित ताऱ्याचाही जवळपास तंतोतंत तोच! एक खगोलीय विषुववृत्ताच्या एकोणतीस अंश दक्षिणेला, दुसरा एकोणचाळीस अंश उत्तरेला. अभिजितच्या वर्णपटात हायड्रोजनच्या काळ्या रेषा ठसठशीत असतात, त्यामुळं तरंगलांबीची मोजपट्टी लावायला तो सगळ्यांचा लाडका. म्हणजे आधी अभिजितवर फोकस आणि मोजपट्टी, मग दुर्बीण एकाच अक्षावर सरळ दक्षिणेकडं खाली आणायची. पण हवेनं किती प्रकाश खाल्ला हे काढायला अभिजित नको, तो फार उंचावर. त्यासाठी उत्तराषाढेतला झीटा नावाचा तारा घेतला. अभिजितसारखाच अ वर्गाचा, क्रांती (आकाशातला अक्षांश) नवताऱ्याच्या एका अंशाच्या आत, आणि त्याच्या मागून पंचवीस मिनिटांनी त्याच उंचीवर येणारा. आधी नवतारा, पंचवीस मिनिटांनी झीटा, पुन्हा नवतारा, असा क्रम वहीत लिहिला.

दिवे घाट, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण असं करत निघालो. त्याच दुपारी फेरो बेटांवरून आणि स्वालबार्डवरून खग्रास सूर्यग्रहण गेलं होतं. आपल्याकडं त्याचं काही दिसणार नव्हतं, पण चंद्र रात्रभर त्रास देणार नाही याची याहून मोठी हमी कोण देणार? धास्ती ढगांची होती. त्या महिन्यात अवकाळीनं बऱ्याच जणांच्या हातातोंडाशी आलेल्या पिकाची माती केली होती. मोगराळे घाट चढून वर आलो तर पश्चिमेला ढगांची एक पट्टी, बाकी आकाश कोरडं ठणठणीत.

मळ्यावर ज्वारीची काढणी झालेली, कडब्याची गंजी रचलेली. दुर्बीण गंजीच्या आडोशाला मांडली, कारण वारा होता. शेतीची थ्री फेज लाईट त्या आठवड्यात रात्रीची, त्यामुळं बाराच्या पुढं मोटारी चालू करायला माणसं बॅटऱ्या घेऊन बांधावरून फिरायची. मामांनी प्रत्येकाला हाळी दिली, "इकडं बॅटरी मारू नगा, पावणं तारं बघत्यात!" एवढा बंदोबस्त कुठल्या वेधशाळेत मिळत नसेल.

वृश्चिकेतला शनी मामांना कडी दाखवण्यापुरता कामी आला. तीनला अभिजित धरला. पडद्यावर पट्टा उमटला, त्यात हायड्रोजनच्या रेषा. फोकस ताऱ्याच्या ठिपक्यावर नाही, या रेषांवर करायचा, कारण ठिपक्यासाठी बरोबर असलेला फोकस पट्ट्यासाठी थोडा चुकतो.

पावणेचारला खाली आलो. किटलीच्या पोटात, नकाशात नसलेला तारा नुसत्या डोळ्यांनी दिसत होता, पाचव्या प्रतीच्या आसपासचा, किंचित पिवळट. पंधरा-पंधरा सेकंदांची छायाचित्रं घ्यायला सुरुवात केली. मामा मागून वाकून पडद्यात बघत होते.

"आरं, ह्यो तर नुसता पट्टाच हाय. तारा कुटं गेला?"

"तोच आहे मामा, फोडून लांबवलाय."

"मग ही तांबड्या अंगाची गाठ कसली?"

मी तोवर बघितलीच नव्हती. कृष्णधवल पडद्यावर तांबडं काही नसतं, पण कोणतं टोक लाल हे मी आधी त्यांना सांगितलं होतं. ६५६३ अँगस्ट्रॉमपाशी, हायड्रोजनच्या अल्फा, म्हणजे त्या लाल रेषेच्या जागी, पट्ट्यात एक बारीक उजळ गाठ. अभिजितमध्ये त्याच जागी काळी रेषा होती.

सव्वापाचला थांबलो. पुरणपोळी खाल्ली, गुढी उभारायला हात लावला, कडुनिंब चावला आणि दुपारी घरी येऊन छायाचित्रं एकावर एक रचली. आलेखात अल्फा रेषेचा उंचवटा स्पष्ट होता, ४८६१ला हायड्रोजनच्याच बीटा रेषेचा लहानसा, आणि त्याच्या पुढं ५०००च्या आसपास लोखंडाच्या रेषांचा संशय यावा इतपत हललेली रेघ. संशयच म्हणतो. मोठ्या दुर्बिणींच्या वर्णपटांवरून हा नवतारा लोह गटातला, म्हणजे लोखंडाच्या रेषा ठळक असणारा, असल्याचं सांगितलं गेलं होतं, म्हणून मला त्या तिथं दिसल्या असण्याचीही शक्यता आहे.

आम्ही तो बघितला ती पहाट त्याच्या शिखराच्या अगदी जवळची निघाली. २१ मार्चच्या सुमारास तो चौथ्या प्रतीच्या आसपास पोचला. शिखरावर उत्सर्जन रेषा तुलनेनं दबलेल्या असतात आणि उतरणीला लागल्यावर फुगतात, त्यामुळं उंचवटा छोटा का, याचाही उलगडा झाला. पुढं हा तारा अनेकदा मंदावला, पुन्हा उजळला. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीनं त्यात बेरिलियम-७ पकडलं, जे त्रेपन्न दिवसांच्या अर्धायुष्यानं लिथियम होतं. विश्वातल्या लिथियमचा एक वाटा नवताऱ्यांतून येतो, याचा तो पुरावा. जूनमध्ये त्याच्याभोवती धूळ तयार झाली आणि तो एकदम बुडाला. मामांचा फोन आला होता, तारा हाय का गेला म्हणून. म्हटलं, धुळीत गेलाय. "आमच्याकडं बी तसंच," म्हणाले, "पाऊस कुटाय?"