हार्वेस्टचा रविवार

आज भायखळ्याला आमच्या मराठी चर्चमध्ये हार्वेस्ट, म्हणजे पिकांबद्दल देवाचे आभार मानायचा सण, होता. उपासनेनंतर अर्पण केलेल्या वस्तूंचा लिलाव: भोपळे, नारळ, घरचे लाडू. एका मावशींनी कुंडीतल्या कढीपत्त्याची जुडी अर्पण केली होती. बोली चढत चढत पाचशेवर गेली. ज्या काकांनी घेतली, त्यांनी ती मावशींनाच परत दिली, आणि मावशींनी पुन्हा लिलावात ठेवली! किती आनंदाने!

पाळकसाहेबांनी बायबलमधलं २ करिंथ ८, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय, वाचलं होतं. मासेदोनियातल्या मंडळ्या (तिथले ख्रिस्ती समुदाय) स्वतः हलाखीत, तरी यरुशलेमेतल्या गरजूंसाठी त्यांनी ऐपतीपलीकडे दिलं. वर पौलाला विनवलं की आम्हालाही यात भाग घेऊ द्या. हे विनवणं मला फार मोठं वाटतं. देणाऱ्यानेच विनंती करायची!

आणि १ करिंथ १६ मध्ये पौल सांगतो, आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने मिळकतीप्रमाणे काही बाजूला ठेवावं. म्हणजे प्रार्थनेसारखा नेम, मनात आलं तरच नव्हे. मुंबईतलं घरभाडं आणि हप्ते भरून हा नेम जड जातो, मान्य. पण उरलं तर देऊ म्हटलं की काहीच उरत नाही. म्हणून या महिन्यापासून पगार झाला की आधी दशांशाचं, म्हणजे देवासाठी काढलेल्या दहाव्या हिश्शाचं, पाकीट, मग बाकी सगळं. प्रार्थनेत आठवण ठेवा.