स्टॅक पार्किंग, घोडबंदरचं ट्रॅफिक आणि आमची सेडान: माझा अनुभव

आम्ही नवीन गाडी घेतली, तर सगळ्यात आधी हे सांगते की आजच्या काळात सेडान, म्हणजे बुटकी, मागे वेगळी डिकी असलेली गाडी का, कारण हा प्रश्न मला ऑफिसातल्या पोरांपासून माहेरच्या मावशीपर्यंत सगळ्यांनी विचारलाय. उत्तर सोपं आहे, आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत स्टॅक पार्किंग आहे, म्हणजे एकावर एक गाड्या, आणि आमच्या वाट्याला खालचा पॅलेट, म्हणजे गाडी उभी करायचा लोखंडी ट्रे, आलाय. खाली १५५० एमएमच्या वर उंचीची गाडी लावू नये असा बोर्डच लावलाय सोसायटीने. ह्युंदाईची क्रेटा ही एसयूव्ही १६३५ एमएम उंच, म्हणजे ती तिथेच कटाप. बाकीच्या एसयूव्हींचं पण तेच. वरचा पॅलेट ज्यांच्याकडे आहे त्यांना आम्ही अदलाबदलीचं विचारून बघितलं, त्यांनी चहा पाजला आणि विषय बदलला. मग ठरलं, सेडानच. तसंही मला स्वतःला सेडानच आवडते, खाली बसून चालवायला बरं वाटतं, पण हे कारण सांगितलं की लोक वाद घालतात आणि पार्किंगचं सांगितलं की गप्प बसतात.

आता या साइजमध्ये उरलंय काय? सियाझ मारुतीने २०२५ मध्ये बंद केली. राहिल्या होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया. त्यातल्या शेवटच्या दोन म्हणजे एकाच घरातल्या बहिणी, प्लॅटफॉर्म तोच, इंजिनं तीच, दोन्ही पुण्याजवळ चाकणला बनतात. म्हणून मी स्लाव्हिया नुसती बघून आले आणि चालवायला व्हर्टस घेतली.

शोरूममध्ये मी टेप घेऊन गेले. हसू नका. पहिल्या शोरूममधला मुलगा हसला, म्हणाला मॅडम ब्रोशरमध्ये सगळं लिहिलंय. लिहिलंय खरं, व्हर्टस १५०७, सिटी १४८९, व्हर्ना १४७५, उंचीला तिन्ही बसतात. पण मला उंचीपेक्षा दुसरीच काळजी होती. आमच्या पॅलेटच्या तोंडाशी लोखंडाची उभी कड आहे, आणि शेजाऱ्यांच्या जुन्या सेडानचा पुढचा बंपर तिथे घासून घासून पांढरा पडलाय. पुढच्या चाकापासून बंपरच्या टोकापर्यंत किती अंतर आणि ते टोक जमिनीपासून किती वर, हे ब्रोशरमध्ये नसतं. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासूनची उंची, छापलेला असतो, व्हर्टसचा १७९, सिटी आणि व्हर्नाचा १६५, पण तो गाडीच्या पोटाचा, ओठाचा नाही. म्हणून गुडघे टेकून मोजलं. सिटीची लांबी ४५८३, या सगळ्यांत जास्त, त्यामुळे पॅलेटवर मागे किती जागा उरते ते पण घरी येऊन खडूने आखून बघितलं. वॉचमनकाका म्हणाले ताई किल्ला करताय का दिवाळीचा.

दुसरी परीक्षा बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सेडान खाली असते, बसताना धपकन बसावं लागतं आणि उठताना हात द्यावा लागतो, हे सगळ्या सेडानचं आहे, त्यात कुणी कमी जास्त नाही. फरक मागच्या सीटवर कळतो. व्हर्नाचं छप्पर मागे उतरत जातं, दिसायला झकास, पण बाबा उंच, त्यांचं डोकं जवळजवळ टेकत होतं. व्हर्टसमध्ये दोघं मस्त बसतात, तिसरा मध्ये बसला की त्याच्या पायात मधला उंचवटा येतो. सिटीत बाबा बसले आणि काहीच बोलले नाहीत, नुसते बसून राहिले, एसीची जाळी स्वतःकडे वळवून घेतली. सेल्समन म्हणाला काका उतरायचं ना, तर म्हणे थांब रे जरा. मला तिथेच अर्धं उत्तर मिळालं होतं पण माझं मन अडकलं होतं भलतीकडेच.

कारण मी टर्बो, म्हणजे हवा दाबून जास्त ताकद काढणारं इंजिन, चालवून आले होते. व्हर्नाचं दीड लिटर टर्बो, १६० पीएस ताकद आणि २५३ एनएम टॉर्क, म्हणजे ओढ, ती पण १५०० आरपीएमपासून, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाच हाताशी. व्हर्टसचं १.५ टीएसआय, तेही टर्बोच, १५० पीएस आणि २५० एनएम, शिवाय निवांत चाललात की चारातले दोन सिलिंडर झोपवून ठेवतं पेट्रोल वाचवायला. ही इंजिनं म्हणजे पायाला सवय लावतात हो. कोलशेतच्या मोकळ्या रस्त्यावर जरा दाबलं आणि पाठ सीटला चिकटली. नवरा बाजूला बसला होता, त्याने हँडल पकडलं आणि म्हणाला हीच घेऊ. त्याच्या मानाने सिटीचं साधं बिनटर्बो १.५, १२१ पीएस आणि १४५ एनएम, आणि तो टॉर्क येतो ४३०० आरपीएमला. कागदावर तुलनाच नाही.

पण शोरूमवाले टेस्ट ड्राइव्हला नेतात तो रूट ठरलेला असतो, रिकामा, गुळगुळीत, आणि दुपारी. माझं आयुष्य काय आहे तर कासारवडवलीहून महापे, म्हणजे घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा, मग ठाणे-बेलापूर रोड. मेट्रोच्या कामाने वर्षानुवर्षं वाट लागलेली, गुजरातकडे जाणारे कंटेनर, मध्येच घुसणारे रिक्षावाले. तिथे पाठ सीटला चिकटायचा प्रश्नच येत नाही, तिथे दहाच्या स्पीडने सरकायचं, थांबायचं, परत सरकायचं. म्हणून मी सगळ्यांना सांगितलं की मला गाडी संध्याकाळी सातला द्या आणि मानपाडा ते कापूरबावडी नेऊ द्या. एकाने टाळाटाळ केली, एकाने मॅनेजरला विचारून सांगतो म्हटलं, पण शेवटी दिली सगळ्यांनी. गाडी विकायची असते ना.

आणि तिथे सगळं चित्रच फिरलं. डबल क्लचवाले ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, म्हणजे व्हर्ना टर्बोचा सात स्पीड डीसीटी आणि १.५ व्हर्टसचा डीएसजी, हायवेवर लोण्यासारखे, पण सरकत्या ट्रॅफिकमध्ये ते आतून क्लच धरतात सोडतात, धरतात सोडतात, आणि ते पायाला कळतं. बिघाड नाही, त्यांची रचनाच तशी. व्हर्टसच्या १.० टीएसआयला मात्र टॉर्क कन्व्हर्टरवाला, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद देणारा, सहा स्पीड ऑटोमॅटिक मिळतो, ११५ पीएस आणि १७८ एनएम, तो ट्रॅफिकमध्ये बराच सोशिक वाटला. सिटीचा सीव्हीटी ऑटोमॅटिक तर गिअर बदलतो की नाही हेच कळत नाही कारण त्यात गिअरच नसतात, पट्टा आणि पुली. सपाट, कंटाळवाणा, आणि माजिवड्याच्या फ्लायओव्हरखाली मला नेमकं कंटाळवाणंच हवं होतं.

मग रिलायबिलिटी. यावर नेटवर वाचत बसलं तर प्रत्येक गाडी भंगार आहे आणि प्रत्येक गाडी देव आहे. मी दोन गोष्टी केल्या. एक, शनिवारी सकाळी सर्व्हिस सेंटरच्या वेटिंगमध्ये जाऊन बसले, कॉफी मशीनजवळ. तीन-चार वर्षं जुनी गाडी आणलेल्या माणसाला तुम्ही नुसतं विचारा बिल किती आलं, तो सगळी कुंडली सांगतो. दुसरं, वागळे इस्टेटमध्ये आमचा जुना मेकॅनिक आहे, जो सगळ्या ब्रँडच्या गाड्या उघडतो, त्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, इंजिन आजकाल कुणाचंच मरत नाही लवकर. तुम्ही रोज दोन-दोन तास ट्रॅफिकमध्ये, तर गिअरबॉक्स बघून घ्या." ड्राय क्लचवाला डीएसजी सरकत्या ट्रॅफिकमध्ये तापतो, कारण क्लचला गार करायला तेल नसतं, त्यामुळे अर्धवट क्लचवर लोंबकळत चालवू नका, पुढे जरा गॅप होऊ द्या मग सोडा ब्रेक, असं त्याने हाताचे दोन तळवे एकमेकांवर घासून दाखवलं. सीव्हीटीचं म्हणाला तेल वेळेवर आणि कंपनीचंच, बस. त्याने अजून एक सांगितलं जे मला कुठल्या सेल्समनने नाही सांगितलं, की टर्बो डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत सोडणाऱ्या झडपा) पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि कालांतराने त्यावर कार्बन बसतो. सिटीचं आणि व्हर्नाच्या बिनटर्बो १.५ चं इंजेक्शन जुन्या पद्धतीचं, पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हच्या आधीच, तिथे ही भानगड नाही. आम्ही गाडी दहा वर्षं वापरणारी माणसं, आधीची तर त्याहून जास्त वापरली, त्यामुळे हे माझ्यासाठी सनरूफपेक्षा मोठं होतं.

वॉरंटी पण सांगून टाकते. व्हर्टसला चार वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, सिटी आणि व्हर्नाला तीन वर्षं पण किलोमीटरची अट नाही. माझं रनिंग बघता मला दोन्ही सारखंच.

फीचर्सवर फार वेळ नाही घालवला. व्हर्ना यात सगळ्यांच्या पुढे, वरच्या व्हेरिएंटला पुढच्या सीट गार पण होतात आणि गरम पण होतात, ठाण्यात गरम सीट कशाला ते देव जाणे. गार सीट मात्र मे महिन्यात खरंच हवी, सिटीत ती नाही, याचं वाईट वाटलं. सिटीत आणि व्हर्नात एडास, म्हणजे लेनवर आणि समोर नजर ठेवून ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा, आहे, व्हर्टसमध्ये नाही. एडास घोडबंदरला म्हणजे अर्धी करमणूक, लेनचे पट्टेच दिसत नाहीत तर गाडी बिचारी लेन कुठली पकडणार, आणि रिक्षा आडवी आली की डॅशबोर्ड किंचाळतो. अटल सेतूवर नि एक्सप्रेसवेवर मात्र उपयोग आहे. सेफ्टीला व्हर्टस, स्लाव्हिया आणि व्हर्ना तिघांनाही २०२३ पर्यंत ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टचे पाच स्टार मिळाले होते. आताच्या सिटीचे पाच स्टार आहेत पण ते आसियान एनकॅपचे, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांतल्या गाडीचे. या एका मुद्द्यावर माझं आणि नवऱ्याचं आठवडाभर वाजलं. त्याचं म्हणणं व्हर्टस १.० घ्यावी आणि खरं सांगू तर तो चुकीचा नव्हता, बाबांच्या सीटवर पारडं फिरलं.

सिटी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बॅटरी आणि मोटर असलेली, ती पण बघितली होती. मायलेजचा कंपनीचा आकडा २७ च्या वर, ट्रॅफिकमध्ये तर बरीचशी बॅटरीवरच चालते, मला तर तीच हवी होती. पण बॅटरी मागे बसवल्यामुळे डिकी साध्या सिटीच्या ५०६ लिटरवरून ३०६ वर येते, आणि किंमत आमच्या बाहेर. गावाला जाताना आमच्याकडे आंब्याच्या पेट्या असतात, सुटकेस नाही. राहिलं ते.

आता पैशाचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला तो आमच्या पथ्यावर पडला. आधी या साइजच्या पेट्रोल गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि वर १७ टक्के सेस असे मिळून ४५ होते, ते सरळ ४० झाले. लोकांना वाटतं सगळ्या गाड्यांना १८ लागला, तो चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना. त्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स, दहा ते वीस लाखांमधल्या पेट्रोल गाडीला १२ टक्के. नवरा म्हणाला फर्मच्या नावावर घेऊ, मग कळलं की कंपनीच्या नावावर २० टक्के, तो विचार गुपचूप बाजूला ठेवला. दहा लाखांच्या वरच्या गाडीला शोरूम १ टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ इन्कम टॅक्स, घेते, ते पैसे गेले असं समजू नका, रिटर्न भरताना ते मिळतात किंवा टॅक्समध्ये वळते होतात, फक्त पॅन बरोबर दिलाय ना ते बघा.

कोटेशन घेताना माझा नियम एकच, एकाच व्हेरिएंटचं, एकाच रंगाचं, आणि प्रत्येक ओळ वेगळी लिहून द्या. एका शोरूमने (ब्रँड राहू दे) "हँडलिंग" म्हणून एक रक्कम टाकली होती. मी विचारलं हे काय, तर म्हणे गाडी यार्डातून आणतो ना मॅडम. म्हटलं मी येते यार्डात, मीच आणते. गेली ती ओळ. इन्शुरन्सचं पण तसंच, शोरूमचाच घ्यायला पाहिजे असं काही नाही. मी बाहेरून तेच कव्हर काढून आणलं, तीन वर्षांचं थर्ड पार्टी तर सक्तीचंच आहे, त्यावर झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता पार्टची भरपाई, आणि इंजिन प्रोटेक्ट. इंजिन प्रोटेक्ट मुंबई-ठाण्यात सोडू नका, पावसात पाणी इंजिनात गेलं तर साधी पॉलिसी हात वर करते. बाहेरचा कोट दाखवल्यावर शोरूमने आपला पण तेवढाच खाली आणला, मग तिथूनच घेतला, क्लेमच्या वेळी धावपळ कमी.

शेवटी सिटी, सीव्हीटी, वरून तिसऱ्या नंबरचं व्हेरिएंट, जिथे एडास आहे पण सनरूफचे पैसे नाहीत. पैसे पूर्ण भरायच्या आधी यार्डात जाऊन गाडी बघितली. चेसिस नंबर कागदाशी जुळवला, टायरवरचे चार आकडे बघितले, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, पाचही टायर एकाच सुमाराचे आहेत ना ते. स्टेपनी बघायला लोक विसरतात. दिवसाउजेडी बघा, ट्यूबलाइटखाली रंगातला फरक दिसत नाही. एमएच-०४ ची प्लेट लागली, पेढे झाले.

आता चालवून जे कळलं ते. ऑफिसच्या रस्त्याला लिटरला दहा-अकरा मिळतं, कंपनीचा आकडा १८.४ आहे हे ऐकून बाबा अजून हसतात. पुण्याला जाताना सतराच्या आसपास. खंडाळ्याच्या घाटात ट्रकला ओव्हरटेक करायला जोरात दाबलं की सीव्हीटीची जात असल्यामुळे आधी आवाज वाढतो मग गाडी निघते, त्यामुळे आता मी स्टिअरिंगमागचं पॅडल मारून आधीच तयारी करते. तिथे नवरा दर वेळी म्हणतो, टर्बो असती तर. मी म्हणते, सोमवारी सकाळी साडेआठला माजिवड्याला ये आणि तिथे बोल.