गच्चीवरचा पीच : फेब्रुवारीअखेरची नोंद

बोरिवलीतील आमच्या गच्चीवर अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रममध्ये फ्लोर्डाप्रिन्स जातीचा पीच आहे. या हंगामात त्याला फळधारणा झाली असून फळे सध्या बोराएवढी आहेत. ती हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच आहेत आणि फुलेही सर्व फांद्यांवर सारखी आली नव्हती. तरीही मुंबईच्या हवेत हे झाड फुलवताना काय करावे लागले, ते अशी झाडे सांभाळणाऱ्यांसाठी नोंदवून ठेवत आहे.

पीचची मूळ अडचण थंडीची आहे. हिवाळ्यात पाने गाळून झोपलेल्या झाडाला जागे होण्यासाठी ठरावीक थंडी मिळावी लागते आणि ती साधारणपणे 7.2 अंश सेल्सिअसखालील तासांत मोजली जाते. डोंगराळ भागातील काही जातींना असे 800 च्या आसपास तास लागतात. फ्लोरिडा विद्यापीठात तयार झालेल्या फ्लोर्डाप्रिन्सला सुमारे 150 तास पुरतात, म्हणून ती पंजाबच्या मैदानी भागातही चालते. सांताक्रूझ वेधशाळेत नोंदले गेलेले नीचांकी तापमान मात्र 7.4 अंश असून ते 22 जानेवारी 1962 रोजीचे आहे. म्हणजे त्या पहाटेचाही एकही तास या हिशेबात धरता आला नसता. कमी थंडीची जात निवडली की काम झाले, असे सांगणाऱ्या रोपवाटिकांवर त्यामुळेच माझा फारसा विश्वास नाही.

उपाय आहे तो झाडाला गाढ झोपेत जाऊच न देण्याचा. द्राक्षवेलही थंड प्रदेशात पाने गाळून झोपते, पण नाशिक-सांगलीकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी करून तिला जागते ठेवले जाते. डाळिंबाचा बहार धरतानाही पाणी तोडून पानगळ केली जाते. पीचवर मी हेच केले. डिसेंबरच्या सुरुवातीपासून पाणी हळूहळू कमी केले आणि पाने मलूल व निबर झाल्यावर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ती सर्व काढून टाकली. पान खाली ओढले तर डोळ्याजवळची (पानाच्या बगलेतील कोंबाजवळची) साल निघून येते. म्हणून देठ कात्रीने कापावा आणि त्याचा उरलेला तुकडा आपोआप गळू द्यावा. त्यानंतर भरपूर पाणी दिले. द्राक्षबागेत डोळे फोडण्यासाठी वापरले जाणारे हायड्रोजन सायनामाइड विषारी असल्याने घरच्या गच्चीवर ते आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाने काढण्यापूर्वी डोळे तपासणे महत्त्वाचे आहे. गेल्या पावसाळ्यात वाढलेल्या, पेन्सिलीच्या जाडीच्या फांदीवर पेऱ्याशी तीन डोळे एकत्र दिसतात: मधला बारीक व टोकदार, तो पानाचा, दोन्ही बाजूंचे गुबगुबीत, किंचित लव असलेले, ते फुलांचे. असे जोडडोळे नसतील तर पानगळ करून केवळ पालवी मिळते. आमच्या झाडाच्या दक्षिणेकडील फांद्यांवर ते भरपूर होते, तर पाण्याच्या टाकीच्या सावलीतील फांद्यांवर जवळपास नव्हते, आणि जानेवारीत फुलेही नेमकी त्याच प्रमाणात आली. निष्पर्ण फांद्यांची साल उन्हाने भाजू नये म्हणून त्यांना चुन्याचा पातळ हात दिला होता.

तरीही मुंबईत पीच मरतो तो थंडीअभावी नव्हे, तर पावसाने. जून ते सप्टेंबर या काळात येथे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पीचच्या मुळांना साचलेले पाणी अजिबात सहन होत नाही. ड्रमच्या तळाशी खडीचा थर देण्याची पद्धत मला पटत नाही, कारण पाणी त्या थराच्या वरच्या मातीतच अडून राहते. त्याऐवजी लाल माती, शेणखत आणि विटांचा जाडसर चुरा सर्वत्र सारखा मिसळला, छिद्रे तळाबरोबर बाजूलाही पाडली आणि ड्रम विटांवर उचलून ठेवला. (विटांमुळे खालची फरशीही कोरडी राहते, गच्चीखालच्या घराचे छत ओले झाले की सोसायटीत पहिला संशय कुंड्यांवरच येतो.) मुसळधार पावसात खोडाभोवती प्लॅस्टिकचा उतरता कागद बांधून मातीवर पडणारे पाणी बाहेर काढून दिले.

पावसाळ्यात पानांवर तांबेरा आला: वरून पिवळे ठिपके, खालून तपकिरी भुकटी. गळालेली पाने रोज उचलली आणि गर्दीच्या फांद्या विरळ केल्या. पीचच्या पानांना तांबे सोसत नाही, ती करपून गळतात. त्यामुळे एक टक्का बोर्डो मिश्रण (तांबे असलेले बुरशीनाशक) पाने काढल्यानंतरच, उघड्या फांद्यांवर फवारले. त्यासाठी दहा ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि दहा ग्रॅम कळीचा चुना लिटरभर पाण्यात, प्लॅस्टिकच्या बादलीत घेतला. तयार मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घालावा.

खोडावर डिंक दिसला की अनेक जण घाबरतात. तो स्वच्छ, मधाच्या रंगाचा असेल तर जखम, रोग किंवा मुळांवरील ताण यांपैकी कारण शोधावे. त्यात भुसा मिसळलेला असेल तर आत खोडकिडा आहे असे समजावे. शिरा हिरव्या राहून पान पिवळे पडले तर लोहाची कमतरता मानून चिलेटेड लोह (मुळांना सहज शोषता येईल अशा रूपातील लोह) द्यावे. मावा आणि पिठ्या ढेकूण यांवर निंबोळी तेल पुरते.

आता पुढची कामे. फळांमध्ये साधारण 12 ते 15 सेंटिमीटर अंतर राहील अशी विरळणी या आठवड्यात करीन. आधीच थोडी असलेली फळे तोडणे जिवावर येते, पण एकाच फांदीवर दाटलेली फळे बहुधा कोयीएवढीच राहतात. एप्रिलमध्ये आंब्याबरोबर फळमाशी वाढेल, म्हणून मार्चअखेर फळांना कागदी पिशव्या घालून मिथाइल युजेनॉलचा (नर फळमाश्यांना ओढणाऱ्या द्रव्याचा) सापळा झाडापासून दूर टांगणार आहे. सापळ्यात केवळ नर अडकत असल्याने पिशव्यांना पर्याय नाही. फळे उतरताच मेच्या पहिल्या पंधरवड्यात छाटणी करून कापांवर बोर्डो पेस्ट लावीन, म्हणजे पाऊस सुरू होण्यापूर्वी ते सुकतील आणि पुढच्या वर्षी फुलणाऱ्या फांद्या पावसाळ्यात वाढतील. त्या वेळी मधला भाग मोकळा ठेवीन आणि टाकीच्या सावलीतील फांद्या आखूड करीन.